साहेब, ओटीपी आलाय

दर महिन्याच्या वीस तारखेला माझ्या कानात आकडे वाजतात. सकाळी दहाला पहिला फोन. "साहेब, आला बघा. सात, दोन, दोन, शून्य, नऊ, चार." पलीकडचा वाचतो, मी टाइप करतो, "झालं, ठेवा" म्हणतो आणि पुढचा फोन घेतो. काहीजण जोड्या करून सांगतात: बाहत्तर, वीस, चौऱ्याण्णव. मार्केट यार्डातले बेदाण्याचे आडते अण्णा तर सौद्यात भाव पुकारावा तसा ओटीपी पुकारायचे, चार गाळे सोडून बसलेल्या हमालालाही ऐकू जाईल असा.

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या एका बोळात माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, हाताखाली एक मुलगी, आणि भिंतीवर २०१९ च्या पुराच्या पाण्याची रेघ, जी रंग देतानाही मी पुसू दिली नाही. बेदाण्याचे आडते, हळदीचे व्यापारी, एक भडंगवाले, दोन हार्डवेअरवाले, असे साठेक जण माझ्याकडे आहेत. जीएसटीचं महिन्याचं थ्री-बी रिटर्न वीस तारखेच्या आत जावं लागतं, आणि ते जाण्याआधी मालकाच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येतो. कायद्याच्या मनात असं आहे की मालकानं कॉम्प्युटरसमोर बसावं, हिशोब बघावा आणि ओटीपी स्वतः टाकून म्हणावं, होय, हे माझंच. प्रत्यक्षात मालक गाळ्यावर असतो, कॉम्प्युटर माझ्यापुढं असतो आणि मधे फोन असतो.

बँका मेसेज करून करून थकल्या, की ओटीपी कुणालाही सांगू नका, आमच्या माणसालासुद्धा नको. आणि मी मात्र कितीतरी वर्षं, महिन्याच्या महिन्याला, या गावाला ओटीपी सांगायचा सराव देत होतो. वर फी घेत होतो. हे माझ्या डोक्यात शिरायला अण्णांचे एक लाख शहाऐंशी हजार जावे लागले.

अण्णांचं सांगतो, पण आधी माझं.

माझ्या कॉम्प्युटरवर ‘पासवर्ड नवीन फायनल २’ नावाची एक्सेलची फाइल होती. साठ ओळी. नाव, जीएसटी नंबर, युजर आयडी, पासवर्ड, ईमेल, ईमेलचा पासवर्ड, काहींच्या नेटबँकिंगचा पासवर्डही, कारण चलन भरायला रोज कोण येणार. सांगलीचं दैवत गणपती, त्यामुळं साठातल्या सतराजणांचा पासवर्ड गणपतीनं सुरू व्हायचा, मग अ‍ॅटचं चिन्ह, मग १२३. बाकीचे बरेचसे मीच ठेवलेले: दुकानाचं नाव, तेच चिन्ह, तेच १२३. कुठल्या पोर्टलनं बदलायला लावला की १२४. एका हार्डवेअरवाल्याचा १३९ पर्यंत पोचला होता.

मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि ठरावीक दिवसांनी बदल हवा, हा नेम जगाच्या मागं लावला तो बिल बर या अमेरिकन सरकारी नोकरानं. २००३ साली तिथल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेसाठी त्यानं ते लिहिलं होतं. २०१७ मध्ये, निवृत्त झाल्यावर, त्यानं कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनंही सांगितलं की पासवर्ड फुटल्याचा संशय नसेल तर उगाच दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलायला लावू नका. कारण सक्ती केली की माणूस १२३ चं १२४ करतो. हे कळायला बरसाहेबांना सांगलीला यावं लागलं नाही.

पासवर्डात खरी ताकद लांबीची. आठ आकड्यांच्या पिनाच्या दहा कोटी शक्यता होतात. ऐकायला थोर, कॉम्प्युटरला किरकोळ. त्यापेक्षा पाच फासे टाकावेत. त्यांचे ७,७७६ डाव होतात, म्हणून तेवढ्या शब्दांची यादी करतात आणि प्रत्येक डावाला एक शब्द असे पाच शब्द काढतात. मग शक्यता होतात २८ आणि पुढं १८ शून्यं. आणि लक्षात ठेवायला पाचच शब्द. मी आता बिटवॉर्डन नावाचं अ‍ॅप वापरतो, सगळे पासवर्ड त्याच्या पोटात, प्रत्येक ठिकाणी वेगळा, मलाही पाठ नसलेला. त्याचं दार उघडायला माझे पाच शब्द, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. त्यात एक भाजी आहे. हेही सांगायला नको होतं.

ती एक्सेलची फाइल फक्त कॉम्प्युटरवर असती तरी एक वेळ चाललं असतं. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा नदी पेठेत शिरली आणि माझ्या खालच्या दोन कपाटांतली सगळी कागदपत्रं भिजली. पाणी ओसरल्यावर गच्चीवर दोरीला चिमटे लावून लोकांचे ताळेबंद वाळवत बसलो होतो. कापडी बांधणीच्या वह्यांना तेव्हा आलेला वास अजून नाकात आहे. त्या भीतीनं सगळं स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवलं, आणि कुणी फाइल मागितली की सारखी परवानगी द्यायचा कंटाळा, म्हणून पूर्ण फोल्डरला ‘ज्याच्याकडे लिंक असेल त्याला दिसेल’ असं करून टाकलं. पासवर्डाची फाइलही त्यातच. तीन वर्षं. ती लिंक मी किती जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली असेल याचा हिशोब नाही. पुराच्या पाण्यापासून वाचवलं आणि चावी उंबऱ्यावर ठेवली.

आणि मग डबा. पाचशे ग्रॅम श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा, माझ्या टेबलाच्या उजव्या खणात. त्यात निळे निळे पेनड्राइव्ह, एकेकाला पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेननं नाव. या लोकांच्या डिजिटल सह्या. तेवीस माणसांच्या सह्या एका डब्यात, आणि डबा उघडला तर अजून थोडा वेलदोड्याचा वास. बहुतेकांचा पिन मुळात येतो तोच, १२३४५६७८, कुणी बदललेला नाही. ज्यांनी बदलला त्यांनी तो चिकटपट्टीवर नावाखाली लिहून दिला, माझी सोय म्हणून. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं या सहीला कागदावरच्या सहीची किंमत दिली, आणि त्याच कायद्याचं कलम ४२ सांगतं की सहीची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी ज्याची सही त्यानंच घ्यायची. कोऱ्या चेकवर सही करून ठेवायला आमचे व्यापारी सख्ख्या भावापाशीही कचरतात. पण हा पेनड्राइव्ह सगळ्यांनी हसत हसत दिला, कारण तो सहीसारखा दिसत नाही.

एक तारीख माझ्या डोक्यात पक्की बसलीय. २४ ऑगस्ट २०१७, गुरुवार, हरितालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. जुलैत जीएसटी आला होता, त्यातल्या पहिल्यावहिल्या रिटर्नची वीसची तारीख वाढवून पंचवीस केली होती, त्यामुळं ऑफिसात जत्रा. कानाला फोन लावून मी ओटीपी गोळा करत होतो, आणि समोरच्या चहाच्या टपरीतल्या टीव्हीवर बातमी चालली होती की सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, घटनेच्या एकविसाव्या कलमातला. दावा लावला होता के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायमूर्तींनी, २०१२ साली, आधारच्या विरोधात, वयाच्या ऐंशीनंतर. मी मान वर करून बघितलं, "बरं झालं" म्हणालो आणि फोनमध्ये म्हणालो, "हां, पुढचे दोन आकडे सांगा."

आता अण्णा.

अण्णा अडुसष्ट वर्षांचे. पन्नास वर्षं बाजारात. मूठभर बेदाणा तळहातावर घेतला की सांगतील, कुठल्या गावचा माल, गंधक किती दिलंय, पंधरा किलोच्या बॉक्समध्ये खाली काय भरलं असेल. या माणसाला फसवणं सोपं नाही, हे मी कुणापुढंही छातीठोकपणे सांगितलं असतं. गेल्या वर्षी एका वीस तारखेला दुपारी त्यांना फोन आला. बाईचा आवाज, स्वच्छ मराठी, अदबशीर. "अण्णा, साहेबांच्या ऑफिसातून बोलतेय. तुमच्या रिटर्नला नोटीस लागलीय, व्हॉट्सअ‍ॅपला फाइल टाकलीय, तेवढी उघडा." माझं नाव घेतलं नाही, नुसतं साहेब. पण अण्णांचं पूर्ण नाव, पेढीचं नाव, गाळ्याचा पत्ता, जीएसटी नंबर, मागचं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं तेही घडाघडा सांगितलं.

"एवढं सगळं म्हाईत आसल्यावर ती आपलीच आसनार न्हाई का ओ साहेब?" अण्णांनी मला नंतर विचारलं. त्या प्रश्नात सगळं आलं. हे सारं तिला कुठून कळलं, तर अण्णांच्याच दुकानाच्या पाटीवरून. नोंदणीदारानं आपला जीएसटी नंबर दुकानाच्या पाटीवर लावायचा, हा जीएसटी नियमावलीतला अठरावा नियम. तो नंबर पंधरा अक्षरांचा; पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचं पॅन. म्हणजे ज्या पॅनकार्डाची झेरॉक्स आपण जपून घडी घालून ठेवतो, ते बाहेर फूटभर अक्षरांत टांगलेलं असतं. नंबर पोर्टलवर टाकला की नाव, पत्ता आणि रिटर्नच्या तारखा कुणालाही, लॉगिन न करता, दिसतात. व्यापारात समोरच्याची खात्री करता यावी म्हणून ती सोय आहे, आणि योग्यच आहे. कुणाला आपलं पॅन माहीत आहे म्हणजे तो आपला माणूस, हा हिशोब मात्र आता कायमचा चुकलेला समजावा.

फाइलचं नाव ‘जीएसटी नोटीस’ होतं, शेवटी पीडीएफच्या जागी एपीके. एपीके म्हणजे कागद नव्हे, आख्खं अ‍ॅप. प्ले स्टोअरच्या दारातून न येता मागच्या परसातून आलेलं. अँड्रॉइडनं विचारलंही, की अनोळखी ठिकाणाहून आलंय, बसवू का? अण्णांनी होय म्हटलं. मेसेज वाचायची परवानगी देता का? होय. मग एक पान उघडलं, वर सरकारी वाटेल असा शिक्का, त्यात नाव आणि पॅन आधीच भरलेलं. "पडताळणीसाठी एक रुपया भरा." कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, पिन.

अण्णा थबकले ते इथं. ओटीपीचं काय, म्हणून त्यांनीच विचारलं. ती बाई म्हणाली, "अण्णा, आता तुम्हाला ओटीपी सांगायचा त्रास नाही, आम्हीच इकडून घेतो."

"मी म्हटलं," अण्णा मला सांगत होते, "साहेबांनी सुधारणा केली."

मी मान खाली घातली.

अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी होती, त्यामुळं ओटीपी येत होते आणि अण्णांना न दिसता परस्पर पुढं जात होते. संध्याकाळपर्यंत चार वेळा मिळून एक लाख शहाऐंशी हजार. अण्णांना पत्ता लागला दुसऱ्या दिवशी, दिवाणजी बँकेत चेक वठवायला गेले तेव्हा. आणि मला कळलं बावीसला. का? तर वीसला फोन आला तेव्हा आधी मला विचारावं असं त्यांच्या मनात आलं होतं. "पण म्हटलं, आज शेवटची तारीख, तुम्ही गडबडीत. बारक्यासारक्या गोष्टीला कशाला तरास द्या." आणि एकवीसला? "लाज वाटली ओ."

भीड भिकेची बहीण, हे माझी आजी उठता-बसता म्हणायची. तेव्हा वाटायचं, म्हातारी उधार मागायला येणाऱ्यांबद्दल बोलतेय.

बावीसला आम्ही १९३० ला फोन लावला. आर्थिक फसवणुकीसाठीचा हा देशभराचा एकच नंबर. २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा तो १५५२६० होता. तक्रार तिथं नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत ती पोचते, आणि रक्कम अजून तिथं असेल तर थांबवता येते. असेल तर, हेच खरं. चोरटे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या असे पैसे पळवत असतात, त्यामुळं पहिला तासभर सोन्याचा. आमचे दीड दिवस गेले होते, तरी अडतीस हजार एका खात्यात सापडले. बाकीचे गेले. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं: चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, मधल्या तिसऱ्याच कुणाची, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तर तोशीस तुम्हाला नाही. पण पिन स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान स्वतःचं. अण्णांनी हा कागद दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "म्हंजे लाज वाटली त्या दिवसाचं पैसे माझंच." त्या दिवशी पुढं काही गेलं नव्हतं, पण अण्णांचा मुद्दा बरोबर होता.

सायबर ठाण्यातल्या हवालदारांनी आधी फोनचा डेटा बंद करायला लावला, दुसऱ्या फोनवरून कार्ड बंद, पासवर्ड बदल, मग फोन पुसून कोरा. हे सगळं करताना ते अण्णांना एकदाही "कसं काय दिलंत?" म्हणाले नाहीत. मी मात्र गाडीत तेच म्हणालो होतो.

या प्रकरणानंतर मला सगळीकडं भीड दिसायला लागली. कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आईच्या आधारची प्रिंट काढायला गेलो. "व्हॉट्सअ‍ॅपला पाठवा," मुलगा म्हणाला, आणि नंबर भिंतीवर लिहिलेला. पाठवलं. त्याच्या मॉनिटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडं होतं आणि बाजूला डाउनलोडचं फोल्डर: ओळीनं आधार, पॅन, सातबारा, लग्नाचे दाखले, कुणाच्या तरी आजाराचा रिपोर्ट, एका मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. वर सरकवत नेलं असतं तर अर्धी सांगली निघाली असती. पोरगा बिचारा सालस, त्याच्या मनातही काही नाही. पुसायला वेळ नाही एवढंच. "जरा माझं डिलीट करतोस का?" एवढं वाक्य तोंडातून काढायला मला सुट्टे पैसे परत घेईपर्यंत वेळ लागला, आणि बोललो तेही ओशाळवाणं हसून, जणू मी त्याच्यावर चोरीचा आळ घेत होतो. त्यानं केलं हो. लगेच केलं.

आधारची तर गंमतच. २७ मे २०२२ ला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयानं सूचना काढली की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. दोन दिवसांत ती मागं घेतली, गैरसमज होतील म्हणून, नेहमीची काळजी घ्या म्हणाले. पण मास्क्ड आधार संकेतस्थळावरून आजही उतरवता येतं. मी ते उतरवून ठेवलंय आणि लॉजवर तेच देतो. एकदा काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "पूर्ण नाही का?" मी म्हटलं, "चेहरा पूर्ण आहे की." चालतं. बहुतेक ठिकाणी चालतं. आपण मागून बघत नाही.

आपल्याकडं ‘कशाला पाहिजे?’ हा प्रश्न उद्धटपणात मोडतो. आपल्या माणसापासून काय लपवायचं, आणि परक्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं. या दोन्हींच्या मधे सगळी कागदपत्रं गावभर होतात. लोक म्हणतात, म्हाताऱ्यांना मोबाइल कळत नाही म्हणून फसतात. मला नाही पटत. अण्णांना मोबाइल बऱ्यापैकी कळतो. त्यांना नाही म्हणता आलं नाही, फोन ठेवता आला नाही, आणि मला परत फोन लावता आला नाही. ठगाचं सगळं भांडवल यातच. तो कधी साहेबांचा माणूस होतो, कधी पोलीस होऊन ‘डिजिटल अटक’ करतो. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही, पण व्हिडिओ कॉलवरच्या वर्दीला मधेच तोडायचं म्हणजे आपल्याला पाप वाटतं.

आणि हे आपल्या रक्तातच आहे म्हणावं तर तेही खरं नाही. माझे आजोबा आटपाडीकडचे. लहानपणी त्यांच्याबरोबर मी खरसुंडीच्या यात्रेतल्या बैलबाजारात गेलोय. खिलार खोंडाचा सौदा. चहूबाजूंनी बघे, दलाल, भाऊबंद. आणि मधोमध आजोबा नि दुसरा एक फेटेवाला, दोघांचे उजवे हात एका टॉवेलाखाली. तोंडानं हवा-पाण्याच्या गप्पा, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून आकडे. मी वाकून बघायला गेलो तर आजोबांनी डाव्या हातानं टाळकं मागं ढकललं. सख्खा नातू. कुणाला त्यात अपमान वाटला नाही. माझ्या चुलत्यालाही नाही, जो त्या सौद्यात निम्म्या पैशाचा वाटेकरी होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे म्हणण्यापुरतं नव्हतं, धंद्याची ती रीतच होती.

पुढं कधीतरी वाचलं की भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, आधी कधी न भेटलेल्या दोघांनी आपल्यापुरतं गुपित कसं ठरवावं याचं गणित व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी १९७६ साली मांडलं. मला पहिल्यांदा आठवला तो तो टॉवेल. व्हॉट्सअ‍ॅपनं एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या संदेशांना या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूप घातलं, त्यामागं याच घराण्यातलं गणित आहे. वाटेत कुणालाही वाचता येत नाही, कंपनीलाही नाही. फक्त टॉवेलाखाली आपण हात कुणाचा धरलाय, ते कुलूप बघत नाही. अण्णांना आलेली ती फाइलसुद्धा त्याच कुलपातून, वाटेत कुणी हात न लावता, अगदी सुखरूप पोचली होती.

त्या महिन्यात मी डबा रिकामा करायला घेतला. प्रत्येकाला फोन करून सांगितलं, तुमची सही घेऊन जा, पिन बदलून देतो, तुमच्याच हातानं. मला वाटलं होतं लोक सुटकेचा श्वास टाकतील. झालं उलटंच. "काय चुकलं का साहेब आमचं?" "दुसरीकडं जाऊ म्हणताय काय?" एक हळदीवाले तर रागावले: वीस वर्षांचा घरोबा आणि तुम्ही आमची वस्तू परत करताय! जसं काही मी सोयरीक मोडत होतो. एकानं सही नेली आणि दोन दिवसांनी पोराच्या हाती परत पाठवली, "आमच्याकडं हरवंल" म्हणून. डब्यात अजून चार आहेत. त्यांच्या मालकांना मी दर महिन्याला आठवण करतो आणि ते दर महिन्याला चहा पाजून मला परत पाठवतात.

पोर्टलवर खरं तर रीतसर सोय आहे. व्यापाऱ्यानं आपल्या लॉगिनमधून कर सल्लागाराला नेमायचं, नको झाला की काढून टाकायचं; पासवर्ड द्यायचं कामच नाही. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं. पण पासवर्ड सांगून टाकणं सोपं होतं, आणि खरं बोलायचं तर मलाही ते आवडायचं. साठ घरांच्या किल्ल्या कमरेला असलेल्या माणसाला गावात मान असतो.

ओटीपी मात्र बंद केला. फोनवर घेत नाही म्हणजे नाही. मालकानं ऑफिसला यायचं, आकडे बघायचे, स्वतः टाकायचा. नाहीतर स्वतःच्या दुकानातून, स्वतःच्या लॉगिननं. वीसला आता माझ्या ऑफिसात खुर्च्या पुरत नाहीत. दोघंतिघं सोडून गेले, तिकडं फोनवर घेतात म्हणून. घरी आईशी एक शब्द ठरवलाय. माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर तिनं तो विचारायचा. तिला आधी रागच आला, पोटच्या पोराचा आवाज मला कळत नाही का म्हणून. मग शब्द तिनंच निवडला. तोही सांगत नाही, भाजीपेक्षा बरा आहे.

अण्णा सगळ्यात शिस्तीचे झाले. दर वीसला सकाळी अकराला चष्मा पुसत हजर, आकडा न आकडा बघणार, मागच्या महिन्याशी ताडून घेणार. एकदा त्यांनी माझी साडेचारशे रुपयांची चूकही काढली.

दोन महिन्यांपूर्वी वीस तारीख आली आणि अण्णा आलेच नाहीत. चार वाजले. माझा फोन स्क्रीन बदलायला दिलेला. हाताखालच्या मुलीनं स्वतःच्या मोबाइलवरून त्यांना लावला. स्पीकरवर होता. मागं सनई, मिरजेला कुणाच्या तरी लग्नात असावेत.

"अण्णा, साहेबांच्या ऑफिसातून बोलतेय. आज शेवटची तारीख, तेवढं येऊन—"

"कोन साहेब?"

"अहो, साहेब... आपले साहेब."

"कुठलं साहेब? म्या न्हाई वळखत कुठल्या साहेबाला. परत फोन केलास तर एकोनीसशे तीसला लावीन."

मी पुढं होऊन ओरडलो, "अण्णा, मी बोलतोय!" तर म्हणाले, "आवाज काढतोस व्हय रं?" आणि फोन बंद करून टाकला. रात्री बारापर्यंत बंदच होता.

रिटर्न एकवीसला सकाळी गेलं. पुढच्या महिन्याच्या थ्री-बीमध्ये एक दिवसाची लेट फी आली, केंद्राचे पंचवीस आणि राज्याचे पंचवीस. अण्णा स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणाले, "ही कशाची?" मी म्हटलं, तुम्ही मला ओळखलं नाही त्याची. ते हसले नाहीत. "मग बरोबर हाय," म्हणाले आणि चष्मा पुसून पुढची ओळ वाचायला लागले.

ते पन्नास रुपये मी माझ्या बिलातून कमी केले.